माथेरानमधील ऐतिहासिक बंगले आणि त्यांच्या बागांचे नियोजन

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये माथेरानची पाहणी केली. त्यानंतर सुमारे ८०० मीटर उंचीच्या या डोंगरमाथ्यावर मुंबईतील युरोपीय व पारशी धनिकांचे बंगले उभे राहिले. ते दाट झाडीत, सावलीच्या आधाराने वसले. त्यामुळे बाग हा त्या वास्तूच्या इतिहासाचाच भाग ठरतो.

येथे जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ आहे. पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो, तर उन्हाळ्यात पाणी मोजकेच असते. अशा ठिकाणी उतार सपाट करून हिरवळ लावल्यास माती वाहून जाते आणि ती हिरवळ जगविण्यास पिण्याचे पाणी खर्ची पडते. याउलट जांभूळ, अंजन, हिरडा ही स्थानिक झाडे राखणे, उताराला आडवे जांभ्याचे गडगे रचणे आणि पायवाटा लाल मातीच्याच ठेवणे अधिक सुसंगत होय.

२००३ मध्ये केंद्र शासनाने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. तथापि केवळ अधिसूचनेने हा वारसा टिकणार नाही. बंगल्याची डागडुजी करताना भोवतीची झाडी तोडली गेली, तर वास्तू उरेल. परंतु ती तेथे का बांधली गेली, याचा पुरावा नाहीसा होईल.