फर्मान आणि फर्माईश

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना मी मुलांना एक जोडी हमखास सांगतो: फर्मान आणि फर्माईश. दोन्ही शब्द फारसीतल्या 'फर्मूदन' म्हणजे आज्ञा करणे या क्रियापदापासून आले आणि मराठीने दोन्ही आपलेसे केले. फर्मान राज्यकर्ता काढतो, फर्माईश रसिक करतो. आपल्याकडच्या रेडिओच्या इतिहासात हे दोन शब्द एकदा समोरासमोर उभे राहिले होते.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. आकाशवाणीवरची ही गाणी कमी होत होत जवळजवळ बंद झाली. मुसलमान राज्यकर्त्यांच्या आणि गवयांच्या हाती गेल्यामुळे हिंदुस्थानी संगीताचा ऱ्हास झाला, अशीही त्यांची मांडणी होती. मात्र याच केसकरांच्या काळात आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले, आणि हिंदू-मुसलमान दोन्ही कलावंतांना मोठे व्यासपीठ मिळाले. इतिहास लिहिताना दोन्ही बाजू नोंदवायला हव्यात.

श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत, रेडिओचा काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी सिलोनमध्ये बसवलेले शक्तिशाली प्रक्षेपक आता रेडिओ सिलोनच्या हाती होते. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक होते मुंबईचे अमीन सयानी, वय अवघे एकोणीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला, असे ते सांगत.

या पत्रांतून आणि फर्माइशींतून लोक एकमेकांना 'आम्ही सध्या काय ऐकतो' हे कळवत होते. गावोगावी श्रोता संघ निघाले. मंडळी जमायची, वाद घालायची, कोणते गाणे वर आणि कोणते खाली ते ठरवून यादी पाठवायची. तबकड्यांची विक्री आणि या याद्या यांवरून गीतमालेची क्रमवारी लागे. तेव्हाच्या बिहारातले अभ्रकाच्या व्यापाराचे झुमरी तलैया तर फर्माइशींमुळेच देशभर माहीत झाले. आपल्या आवडीच्या गाण्याआधी आपले आणि आपल्या गावाचे नाव वाचले जावे, यात मोठा आनंद होता. एकाच गाण्यासाठी रमेश, सलीम, शकुंतला, नसीम अशी नावे एका दमात वाचली जात. हे कुणी मुद्दाम घडवून आणलेले ऐक्य नव्हते. आवड एक होती, एवढेच.

सयानींची भाषाही घरातून आली होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. अमीन लहानपणापासून त्या कामात हात लावत. लिपी वेगळी म्हणून माणूस परका होत नाही, हा धडा त्यांनी तिथेच गिरवला असणार.

शेवटी सरकारलाच फर्माईश ऐकावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली.

आज माझे विद्यार्थी गाणी फोनवरून एकमेकांना पाठवतात. साधन बदलले, भूक तीच आहे. 'हे संगीत कुणाचे' असा प्रश्न विचारणारेही आहेत, आपल्या समाजात आहेत आणि बाहेरही. त्यांना उत्तर द्यायचे तर त्या याद्या दाखवाव्या लागतील. कुणाच्या घरी आजोबांची, मामूंची गाण्यांच्या नोंदीची वही असेल, उर्दूत असो वा देवनागरीत, तर ती रद्दीत घालू नका. त्या वहीत आपला इतिहास आहे, आणि तो आपल्याच माणसांच्या हस्ताक्षरात आहे.