कार्बॉक्सिपेप्टिडेज-यू

रक्ताची गुठळी विरघळण्याचा वेग कमी करणारे जस्तयुक्त विकर (एंझाइम). नावातील ‘यू’ हे ‘अस्थिर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. ‘टॅफी’ हे त्याचे निष्क्रिय पूर्वरूप यकृतात तयार होऊन रक्तद्रवात फिरत असते. त्याचे जनुक १३ व्या गुणसूत्रावर आहे.

शोध : रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या रक्तजलातील हे अस्थिर विकर १९८९ मध्ये बेल्जियममधील डर्क हेन्ड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले. १९९५ मध्ये कॅनडातील लास्झ्लो बायझार, मायकेल नेशाइम व सहकाऱ्यांनी गुठळी विरघळण्याशी त्याचा संबंध दाखवून ‘टॅफी’ (थ्रॉम्बिनमुळे सक्रिय होणारा गुठळी-विघटन रोधक) हे नाव दिले.

कार्य : प्लाझ्मिन हे गुठळी विरघळविणारे विकर गुठळीतील फायब्रिन या प्रथिनाचे धागे तोडू लागले की तुटलेल्या टोकांशी लायसीन हे ॲमिनो अम्ल उघडे पडते. तेथे प्लाझ्मिनोजेन हे प्लाझ्मिनचे पूर्वरूप चिकटते व आणखी प्लाझ्मिन तयार होते. कार्बॉक्सिपेप्टिडेज-यू नेमके हेच लायसीन छाटते, म्हणून विघटन मंदावते. टॅफीचे सक्रियण थ्रॉम्बिन हे रक्त गोठविणारे विकर करते. थ्रॉम्बोमोड्युलिन या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील प्रथिनाची जोड मिळाल्यास हे सक्रियण हजारपटींहून अधिक कार्यक्षमतेने होते. हीमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या विकारात थ्रॉम्बिन पुरेसे तयार होत नाही. त्यामुळे या विकराचे संरक्षणही अपुरे पडते व गुठळी लवकर विरघळते.

स्थैर्य : ३७° से. तापमानात सक्रिय विकराचे अर्धायुष्य सुमारे ८ ते १५ मिनिटे असते. बर्फाच्या तापमानाला ते बराच काळ टिकते. पूर्वरूपातील ९२ ॲमिनो अम्लांचा सक्रियण-खंड रेणूच्या एका लवचिक भागाला आधार देतो. सक्रियणात हा खंड तुटला की तो भाग हलू लागतो, क्रियास्थानाची घडी विस्कटते आणि विकर निकामी होते. ३२५ व्या स्थानी थ्रिओनीन असल्यास अर्धायुष्य सुमारे ८ मिनिटे, तर आयसोल्युसीन असल्यास सुमारे १५ मिनिटे भरते. एका ॲमिनो अम्लाच्या फरकाने गुठळीचे आयुष्य बदलू शकते.

महत्त्व : विकराची पातळी ठरावीक मर्यादेच्या वर असेपर्यंत विघटन रोखलेले राहते, ती खाली येताच विघटनाला वेग येतो. गुठळी लवकर विरघळावी यासाठी या विकराला रोखणारी संयुगे मानवी चाचण्यांत तपासली गेली आहेत. रक्तद्रवात या विकराला थोपविणारा कोणताही नैसर्गिक रोधक ज्ञात नाही. त्यामुळे त्याची अस्थिरता हेच त्याच्यावरील प्रमुख नियंत्रण ठरते.