नाव न विचारणारे दार

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा १८८२ सालचा ग्रंथ आपण स्त्रीवादी विचाराचा आरंभबिंदू म्हणून शिकतो आणि शिकवतो. त्याच्या पाठीमागे एक न्यायालयीन खटला उभा आहे, हेही आपल्याला ठाऊक असते. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. ती पुढे काळ्या पाण्यावर आणि शेवटी पाच वर्षांच्या शिक्षेवर आली. या खटल्यावरून वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर जी आगपाखड केली, तिला ताराबाईंनी उत्तर दिले. मात्र असल्या खटल्यांना पुण्यात जवळजवळ वीस वर्षे आधी आणखी एक उत्तर दिले गेले होते. ते ग्रंथरूपाने नव्हे, तर एका घराच्या रूपाने होते. समाजकार्यातील कायदा आणि नीती यांच्या संबंधाचा विचार करताना आम्हांला त्या घराकडे पुन्हा वळावेसे वाटते.

त्या काळच्या कायद्याची रचना आधी पाहू. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली. पण विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपुष्टात आणला. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता अमलात आली. तिच्यात गर्भपात हा गुन्हा होता आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही गुन्हेगार होती. मूल टाकून देणे गुन्हा होता, मृत अर्भक गुपचूप पुरून जन्म लपवणे गुन्हा होता आणि मूल मारणे हा तर खूनच होता. म्हणजे फसलेल्या विधवेला जे जे मार्ग सुचत, ते सगळे दंडसंहितेने बंद केले होते. समाजाने उघड्या मातृत्वाचा मार्ग त्याआधीच बंद केला होता. कायदा ‘काय केलेस?’ असे विचारत होता. ‘दुसरे काय करता आले असते?’ हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नव्हता.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली स्थापन केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह हे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्यांवर जोतीरावांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिलेल्या अभिप्रायात या गृहाची हकीकत येते. त्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, मूल झाले, तिने ते मारले आणि तिची रवानगी अंदमानात झाली. या निकालाने व्यथित होऊन आपल्याच आवारात हे गृह काढल्याचे जोतीराव सांगतात. ब्राह्मणवस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर जाहिराती लावल्या गेल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, असे ते आवाहन होते.

याच अभिप्रायातील एक आकडा आम्हांला फार बोलका वाटतो. तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे बाळंत झाल्या आणि त्यांची अवघी ५ मुले जगली. उरलेली ३० दगावली, कारण गर्भ लपवण्यासाठी मातांनी आधीच विषारी औषधे घेतली असावीत, असे जोतीराव म्हणतात. आपल्याच संस्थेचे अपयश इतक्या उघडपणे मांडणारे निवेदन आजही विरळाच. त्यातून दिसते ते हे, की शिक्षेची आणि बदनामीची भीती स्त्रीला दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाठत असे.

गुप्तता हे या कार्याचे मुख्य साधन होते आणि त्याला दोन मर्यादा होत्या. पहिली अशी, की स्त्रीचे नाव झाकले की पुरुषाचेही आपोआप झाकले जाते. काशीबाई अंदमानात गेली. शास्त्र्याचे नाव इतिहासात राहिले नाही. दुसरी मर्यादा मुलाच्या बाजूने आहे. आईचे गुपित राखताना मुलाच्या वाट्याला कोणती ओळख येते? १८७४ साली फुले दांपत्याने याच गृहात जन्मलेल्या एका मुलाला दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि १८८७ सालच्या मृत्युपत्राने त्याचा वारसा कागदावर पक्का केला. गुप्ततेने वाचवलेल्या मुलाला उघड नाव देण्यासाठी शेवटी कायद्याचाच आधार घ्यावा लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आज कायदा बराच पुढे आला आहे. १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपाताला मान्यता मिळाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार परिस्थितीमुळे मूल सांभाळू न शकणारे पालक ते बालकल्याण समितीकडे सुपूर्द करू शकतात आणि फेरविचारासाठी त्यांना दोन महिन्यांची मुदत मिळते. मूल टाकणे आणि जन्म लपवणे हे गुन्हे मात्र २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहेत.

जुना पेच नव्या रूपात उभा राहिला तो २०१२ च्या पॉक्सो कायद्याने. अल्पवयीन व्यक्तीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे या कायद्याने बंधनकारक केले. न कळवणे हा गुन्हा ठरवला. यामागचा हेतू रास्त आहे, कारण गुन्हेगार पुरुषाला झाकणाऱ्या मौनावर हा थेट प्रहार आहे. पण संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली सतरा वर्षांची मुलगी पोलिसांच्या भीतीने दवाखान्याची पायरीच चढली नाही, तर काय? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये या पेचाची दखल घेतली. अशी मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. ही मोकळीक डॉक्टरांपुरती आहे. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्तीसमोर तीच मुलगी रडत बसते, तेव्हा विश्वास राखावा की कायदा पाळावा, हा निर्णय तिला एकटीलाच घ्यावा लागतो.

त्या कार्यकर्तीला सोपे उत्तर आम्हीही देऊ शकत नाही. तिच्या हाती ३५ आणि ५ हे दोन आकडे तेवढे ठेवता येतील. दार उघडे असूनही भीती आधी पोहोचली की काय होते, ते या आकड्यांत नोंदलेले आहे. नवा नियम करताना तो करणाऱ्यांनीही ते एकदा वाचावेत.