भरवशाच्या म्हशी

नाव फुटबॉल असलं तरी अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाला काम फार थोडं. चेंडू छातीशी धरून पळायचं, हातानं फेकायचा, समोरच्याला अंगावर घेऊन लोळवायचं, असा तो एकंदर प्रकार. पण दर सामन्यात दोन-चार वेळा गाडी अडते. टचडाऊन होणार नाही हे दिसत असतं. मग बाकावरून एक बेताच्या अंगाचा माणूस धावत येतो. एकजण दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, दुसरा तो झेलून जमिनीवर उभा धरतो, आणि हा किक मारतो. साडेअठरा फूट अंतरावरच्या दोन खांबांमधून, दहा फुटांवरच्या आडव्या दांडीवरून चेंडू गेला की तीन गुण. या सगळ्याला मिळून लागतो साधारण सव्वा सेकंद.

तासभर दीडशे किलोंच्या माणसांनी एकमेकांची हाडं खिळखिळी करायची आणि निकाल लावायचा तो ज्याच्या कपड्यांना मातीही लागलेली नाही अशा माणसानं! अमेरिकेत येऊन हा खेळ बघायला लागलो तेव्हा मला याची गंमत वाटायची. पुढे जुने सामने शोधून बघायचा नाद लागला, आणि गंमत कमी होत गेली.

पूर्वी किकर असा वेगळा माणूस नव्हताच. संघात माणसं मोजकी, तेव्हा दुसरं काही काम करणाऱ्यांपैकीच कुणीतरी किक मारायचा. क्लीव्हलंडचा लू ग्रोझा आघाडीच्या फळीत धक्काबुक्की करायचा आणि वेळ आली की किकही मारायचा. १९५०चं अजिंक्यपद त्याच्या किकवर, २८ सेकंद उरलेले असताना, ३०-२८ असं मिळालं. लोक त्याला ‘द टो’ म्हणजे ‘अंगठा’ म्हणत, कारण तेव्हा किक समोरून सरळ धावत येऊन बुटाच्या टोकानं मारत. बेन अगजानियन हा जवळपास फक्त किकच मारणाऱ्यांतला पहिला. मालवाहू लिफ्टच्या अपघातात त्याच्या उजव्या पायाची चार बोटं गेली होती. त्यानं चौकोनी टोकाचा बूट घातला आणि कितीतरी संघांकडून खेळला.

आता ग्रोझाचा हिशोब बघा. कारकिर्दीत ४८१ प्रयत्न, २६४ यशस्वी. म्हणजे ५५ टक्के. त्या काळात हा देव होता. आज एवढ्या टक्क्यांचा किकर महिनाभर टिकणार नाही.

मधल्या काळात झालं असं की बाहेरची माणसं आली. पीट गोगोलाक मूळचा बुडापेस्टचा. १९५६चा हंगेरीतला उठाव चिरडला गेल्यावर कुटुंबाबरोबर पळून अमेरिकेत आला. तो चेंडूला बाजूनं, पायाच्या वरच्या सपाट भागानं किक मारायचा, आपल्याकडे कुठलंही पोर फुटबॉल मारतं तसं. १९६४ साली बफलो संघानं त्याला घेतलं. दोन वर्षांनी न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला दुसऱ्या लीगमधून उचललं आणि दोन लीगमध्ये खेळाडू पळवापळवीचं युद्ध पेटलं. ते शेवटी विलीनीकरणावर थांबलं. आजच्या एनएफएलच्या जन्मकथेत एका किकरचा हात, नव्हे पाय, आहे तो असा.

मग शोधाशोध सुरू झाली. १९६७मध्ये डॅलस काउबॉइजनं किकर हुडकायला गावोगाव चाचण्या घेत चक्क तांडा फिरवला. पुढे त्यांनी युरोप गाठला आणि १९७१मध्ये टोनी फ्रिच हा ऑस्ट्रियाचा आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू आणला. यानं १९६५ साली वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध दोन गोल मारून सामना जिंकून दिला होता. यान स्टेनरूड नॉर्वेचा, स्की-जंपिंगच्या शिष्यवृत्तीवर मोंटानात शिकायला आलेला.

माझा आवडता मात्र गारो येप्रेमियन. सायप्रसमधला आर्मेनियन, टक्कल पडलेला, बुटका, नेकटाय शिवणारा. डेट्रॉइटकडून १९६६मध्ये पहिल्याच मोसमात एका सामन्यात सहा फील्ड गोल मारून त्यानं विक्रम केला, तरी चेष्टा व्हायची ती उच्चारांची आणि उंचीची. १९७१च्या नाताळच्या दिवशी मायामी आणि कॅन्सस सिटीचा सामना संपता संपेना. कॅन्ससच्या स्टेनरूडची ३१ यार्डांची किक शेवटच्या मिनिटात हुकली, आणि दुसऱ्या जादा डावात येप्रेमियननं ३७ यार्डांवरून सामना संपवला. पण लोकांना तो आठवतो पुढच्या मोसमाच्या सुपर बोलसाठी. मायामी १४-०नं पुढे, मोसमात एकही हार नाही. येप्रेमियनची किक अडवली गेली, चेंडू उसळून त्याच्याकडेच आला. गप्प आडवं पडायचं सोडून त्यानं तो हातानं फेकायचा प्रयत्न केला. चेंडू निसटून हवेत उडाला आणि वॉशिंग्टनच्या खेळाडूनं तो घेऊन टचडाऊन केला. मायामी १४-७नं जिंकली म्हणून निभावलं. त्या तीन-चार सेकंदांवर अमेरिका पन्नास वर्षं हसते आहे. मला त्यात हसू कमी आणि धांदल जास्त दिसते. पायाच्या कामासाठी बोलावलेल्या पाहुण्यानं एकदाच घरचा होऊन बघितलं, इतकंच.

या पाहुण्यांनी केलं काय, तर किक सोपी करून दाखवली. साठच्या दशकात निम्म्याहून थोड्या जास्त किक बरोबर जात. आता साधारण ८५ टक्के जातात. १९७४मध्ये खांब दहा यार्ड मागे नेले, २०१५मध्ये टचडाऊननंतरची एका गुणाची किकही लांबवून ३३ यार्डांवर नेली, तरी किकर पुरून उरले. आणि गोची तिथेच आहे. सगळेच चांगले झाले की चांगला कुठला हे कळायचं कसं? मोसमात एका किकरला तीसेक संधी. नव्वद टक्क्यांचा माणूस त्यातल्या २७ मारणार, ऐंशी टक्क्यांचा २४. म्हणजे फरक तीन किकांचा. तेवढा तर एखाद्या वाऱ्याचा, ओल्या गवताचा, चेंडू वाकडा धरणाऱ्याचा असू शकतो. टॅम्पा बेनं २०१६मध्ये रोबर्टो अग्वायोला दुसऱ्या फेरीत निवडलं. किकरसाठी ही चैनच. पहिल्या वर्षी ३१पैकी २२, आणि दुसरा मोसम सुरू होण्याआधी घरी. उलट ॲडम व्हिनातिएरी आणि जस्टिन टकर यांना निवडीत कुणी विचारलंही नव्हतं.

‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण मला सर्वांत चपखल वाटते ती गॅरी अँडरसनच्या बाबतीत. १९९८च्या मोसमात मिनेसोटासाठी त्यानं ३५पैकी ३५ फील्ड गोल मारले. मग सुपर बोलच्या दारात, चाळीस यार्डांच्या आतून, एक हुकला आणि संघ हरला. नॉरवुडचं तर नावच ‘वाइड राइट’ पडलं. जानेवारी १९९१, आठ सेकंद, ४७ यार्ड, चेंडू उजवीकडून बाहेर, बफलो १९-२०. शारजात मियाँदादचा षटकार खाल्लेल्या चेतन शर्माला आपण काय काय म्हणालो ते आठवतं. बफलोत मात्र दुसऱ्या दिवशी हजारो लोक चौकात जमले आणि नॉरवुडच्या नावाचा गजर करत राहिले, तो पुढे येईपर्यंत.

शिकागोची तऱ्हा वेगळी. रॉबी गूल्ड हा त्यांच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणारा. २०१५च्या डिसेंबरमध्ये त्याच्या दोन मोक्याच्या किक हुकल्या आणि पुढचा मोसम सुरू होताना त्याला काढून टाकलं. मग शोध. जानेवारी २०१९मध्ये बाद फेरीत कोडी पार्कीची ४३ यार्डांची किक आधी खांबाला, मग दांडीला लागून परत आली आणि संघ १५-१६ असा हरला. फिलाडेल्फियाच्या खेळाडूची बोटं चेंडूला लागली होती आणि लीगनं नंतर नोंदीत ती ‘अडवलेली’ किक धरली. पण पार्की गेलाच. उन्हाळ्याआधी शिकागोनं अनेक किकर आणून उभे केले आणि त्यांना नेमक्या त्या ४३ यार्डांवरूनच मारायला लावलं. दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसं.

तोवर गूल्ड सॅन फ्रान्सिस्कोत होता. २०१७मध्ये ४१पैकी ३९, २०१८मध्ये ३४पैकी ३३. बाद फेऱ्यांमध्ये त्याचा एकही फील्ड गोल कधी हुकला नाही, २९पैकी २९. जानेवारी २०२२मध्ये तो ग्रीन बेच्या मैदानावर उभा होता. ग्रीन बे म्हणजे शिकागोचा शंभर वर्षांचा वैरी. बर्फ पडत होतं, १०-१० अशी बरोबरी, घड्याळात शेवटची किक, ४५ यार्ड. ती खांबांच्या मधून गेली.