मोबाइलमधली दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम: आरटीओएस म्हणजे काय?

फोन घेताना आपण 'अँड्रॉइड कितवं?' हे आवर्जून विचारतो. पण त्याच फोनमध्ये आणखी एक ऑपरेटिंग सिस्टीम चालू असते, जी स्क्रीनवर कधीच दिसत नाही. आज मी तिच्याबद्दलच सांगणार आहे.

रियल-टाइम म्हणजे काय?

बऱ्याच जणांना वाटतं, रियल-टाइम म्हणजे खूप फास्ट. मी म्हणेन, वक्तशीर! ठरलेलं काम ठरलेल्या मुदतीत होईलच, ही खात्री रियल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आरटीओएस, देते. त्यासाठी प्रत्येक कामाला प्रायॉरिटी असते. जास्त प्रायॉरिटीचं काम आलं की हातातलं काम तिथेच थांबतं.

मोबाइलला तिची गरज का?

टूजी जीएसएमचं उदाहरण घेऊ. त्यात एका फ्रिक्वेन्सीवर ८ टाइम स्लॉट आळीपाळीने येतात. एक स्लॉट साधारण ५७७ मायक्रोसेकंदांचा. फोनने आपल्या स्लॉटमध्येच सिग्नल पाठवायचा. उशीर झाला, तर तो पुढच्या स्लॉटमध्ये घुसून दुसऱ्याचा कॉल बिघडवू शकतो. अ‍ॅप उघडायला अर्धा सेकंद जास्त लागला तर चालतं, इथे चालत नाही.

म्हणूनच स्मार्टफोनमध्ये नेटवर्कसाठी बहुधा वेगळा बेसबँड प्रोसेसर असतो आणि त्यावर आरटीओएस चालते. पहिल्या आयफोनच्या बेसबँडवर 'न्यूक्लियस' होती, तर क्वालकॉमच्या जुन्या मोडेममध्ये 'रेक्स'. सिम्बियनने वेगळी वाट धरली. त्यांचा 'ईकेए२' कर्नल स्वतःच रियल-टाइम होता, त्यामुळे अ‍ॅप आणि नेटवर्क ही दोन्ही कामं एकाच प्रोसेसरवर करणं शक्य झालं.

आपल्याला काय फरक पडतो?

ही सिस्टीम बाहेरच्या नेटवर्कशी थेट बोलते, म्हणून तिच्यातली चूक महागात पडते. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने सॅमसंगच्या एक्सिनोस मोडेममधल्या १८ त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या ४ इतक्या गंभीर होत्या की फक्त फोन नंबर माहीत असला, तरी दूर बसून मोडेमचा ताबा घेता आला असता. अपडेट येईपर्यंत वाय-फाय कॉलिंग आणि व्होल्टे बंद ठेवा, असा सल्ला तेव्हा दिला गेला.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये शोधा, 'बेसबँड व्हर्जन' सापडेल. तीच ही दुसरी सिस्टीम. तिच्या दुरुस्त्या फोनच्या सिस्टीम अपडेटमधूनच येतात. तेव्हा अपडेटची सूचना आली की 'नंतर बघू' म्हणू नका!