ओझं कुणाच्या खांद्यावर?

१४ एप्रिल १९४४चा मुंबई गोदीतला स्फोट आपल्याला माहीत आहे. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलैला, कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो इथे अमेरिकन नौदलाच्या धक्क्यावर जहाजात दारूगोळा चढवताना स्फोट झाला. ३२० ठार, त्यात २०२ कृष्णवर्णीय. बॉम्ब चढवणारे नौसैनिक सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी सगळे गोरे. दारूगोळा हाताळायचं धड प्रशिक्षण नाही. वर कुणाची तुकडी जास्त माल चढवते यावर अधिकाऱ्यांच्या पैजा!

महिन्याभरात पुन्हा तेच काम सांगितलं. २५८ जणांनी नकार दिला. त्यातल्या ५० जणांना बंडखोर ठरवून तुरुंगवासाची शिक्षा झाली. नौदलाने त्यांना निर्दोष ठरवलं १७ जुलै २०२४ला. तब्बल ८० वर्षांनी!

अपघाताची बातमी करताना मी आधी मृतांचा आकडा विचारतो. खरं तर माल कोण उचलत होतं आणि घाई कुणाला होती, हेही तेव्हाच विचारायला हवं.