दवा आणि दुवा

नालासोपाऱ्यात माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचा थोरला भाऊ विरार लोकलमधून पडून वारला. चाळिसावा झाला तरी रोज मगरिबच्या सुमारास तो तिला दारात उभा दिसे. आई म्हणाली, "सर, हिच्यावर असर आहे." ताईत झाला, दम केलेले पाणी झाले. आता हाजिरीसाठी दर्ग्यावर न्यायचे ठरत होते.

मी त्यांना अडवले नाही. फक्त आपलाच विसरलेला इतिहास सांगितला.

मनाचा आजार ही काही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना नव्हे. अबू झैद अल-बल्खी (850-934) यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. भीती, राग, दुःख आणि वसवसा यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख, असा भेदही केला. कैरोत 1284 साली सुलतान कलावून यांनी बांधलेल्या शिफाखान्यात मनोरुग्णांचीही सोय होती.

ही परंपरा आपण हरवून बसलो. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. 28 जण दगावले. साखळदंडाला कायद्याने स्पष्ट बंदी व्हायला 2017 साल उजाडले.

मात्र गुजरातेत उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारात 2008 पासून 'दवा-दुआ' उपक्रम सुरू झाला. मुजावर दुवा करतात आणि रुग्णाला डॉक्टरकडेही पाठवतात. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही, उपचार मात्र वेळेवर मिळू लागले. आपल्याला तर ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून जवळ आहे. पण त्याचे नाव आपण शिवीसारखे घेतो.

"दुवा सोडणार नाही," आई म्हणाली.

"सोडू नका. दवाही घ्या."

डॉक्टरांनी मुलीला खोटे पाडले नाही. भावाविषयी बोलू दिले, रडू दिले. झोप परत यायला काही महिने लागले. आपल्या भुताच्या गोष्टी भूत उतरले की संपतात. हे पुढचे महिने कुणी सांगत नाही. दहावीच्या वर्षी तिने मला सांगितले, "सर, भाई अजून कधी कधी दिसतो. आता भीती वाटत नाही."

लोकलच्या दाराशी मात्र ती अजूनही उभी राहत नाही.